पोकळ ठिपका

१

मिस्त्री खोटं बोलला हे सगळ्यांना पटलं ते एका ओळीमुळे, आणि ती ओळ लिहिली होती ठिपकीने.

थांबा, पहिल्यापासून ऐका. एका सहा मजली इमारतीतली लिफ्ट एका सकाळी अर्धा मजला घसरली आणि मध्येच अडकली. आत एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांचं मनगट मोडलं. ब्रेक झिजला होता म्हणे. आणि तीनच दिवस आधी लिफ्टच्या कंपनीचा मिस्त्री तिथे तपासणी करून गेला होता. आता तपासणी काही कागदावर होत नाही, फोनवरच्या ॲपमध्ये होते: दोर, दार, बटणं, ब्रेक, प्रत्येकापुढे हिरवं दाबायचं नाहीतर लाल. ब्रेकपुढे नोंद होती हिरवी. मिस्त्री म्हणाला, मी लाल दाबलं होतं. आता बावीस वर्षं काम केलेला माणूस एकीकडे आणि नोंद एकीकडे. कंपनीने ॲप बनवणाऱ्यांना विचारलं, तुमच्यात लालचं हिरवं होऊ शकतं का?

ॲप बनवणारे म्हणजे फार कुणी बडे लोक नव्हेत हं. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार माणसं, आणि एक खिडकी जी उघडायला स्क्रूड्रायव्हर लागायचा. त्यातली सगळ्यात लहान ठिपकी, चोवीस वर्षांची, चुका पकडण्यात पटाईत. पद्धत ठरलेली. प्रोग्रामच्या ज्या ओळीवर संशय, त्या ओळीशेजारी लाल ठिपका टाकायचा. त्याला म्हणतात ब्रेकपॉइंट. ॲप चालता चालता त्या ओळीपाशी पोचलं की जागच्या जागी थांबतं आणि मग आत काय चाललंय ते सावकाश बघता येतं. दारावर पहारेकरी बसवावा तसं. दिवसभर ती हेच करायची, म्हणून नाव पडलं ठिपकी.

संशय घ्यावा अशी ओळ अख्ख्या ॲपमध्ये एकच होती. एखादं उत्तर रिकामं राहिलं, तर मागच्या तपासणीचं उत्तर उचलून तिथे ठेवणारी. ठिपकीने तिच्यावर ठिपका टाकला आणि फोनवर तपासणी भरली. पन्नास वेळा. ब्रेक लाल, ब्रेक लाल, ब्रेक लाल. ठिपका एकदाही थांबला नाही, म्हणजे ॲप त्याच्यापाशी एकदाही अडलं नाही. तिने रिपोर्ट लिहिला, पुरावा म्हणून स्क्रीनचा फोटो जोडला आणि शेवटी ठसक्यात टाकून दिलं: “ही ओळ चालतच नाही. ॲपमध्ये लालचं हिरवं होणं शक्य नाही.”

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला कामावरून बाजूला केलं.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी, ऑफिसच्या मालकीणबाई पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधीच म्हणाल्या, “परवा तीन वाजता त्या मिस्त्रीची शेवटची चौकशी आहे. काढून टाकणारेत त्याला. रिपोर्ट लिहिणारी समोर हवी म्हणतात. दोन मिनिटं बोलायचं, झालं.”

आता खरं सांगायचं तर ठिपकीला मनातून गुदगुल्याच झाल्या. आपलं वाक्य एवढं मोठं झालं याच्या. चांगले कपडे कोणते घालावेत याचा विचार करतच ती घरी गेली.

२

घरी ताई होती. ताई दवाखान्यात नर्स. आठ तास उभी राहून नुकतीच आलेली, दोन्ही पाय कोमट पाण्याच्या बादलीत, डोळे मिटलेले.

“आणि समजा त्याने खरंच लाल दाबलं असेल तर?” ताईने डोळे न उघडता विचारलं.

“ताई, पन्नास वेळा बघितलंय मी.”

“काय बघितलंस?”

“ठिपका थांबला नाही हे.”

“म्हणजे काही दिसलं नाही, असं पन्नास वेळा बघितलंस.”

“तुला कळत नाही यातलं.”

“नसेल कळत. आमच्याकडे मशीनवर सरळ रेघ आली ना, की नव्या पोरी धावत सुटतात, पेशंट गेला म्हणून. मी आधी वायर बघते. निम्म्या वेळा वायर निघालेली असते आणि पेशंट मला विचारत असतो, सिस्टर, चहा कधी येणार.”

ठिपकी हसली. टॉवेल आणून दिला, जेवायला घेतलं, दोन घास खाल्ले. आणि तिसरा घास हातातच राहिला.

उठून तिने लॅपटॉप उघडला. रिपोर्टचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. ओळ तीच. शेजारी ठिपकाही होता. पण भरलेला नव्हता. लालही नव्हता. नुसती करडी गोल रेघ, आत काहीच नाही.

भरलेला ठिपका म्हणजे पहारेकरी जागेवर बसलाय. पोकळ ठिपका म्हणजे त्याला बसायला जागाच सापडलेली नाही. हे ठिपकीला पहिल्या महिन्यात शिकवलेलं होतं. ती इतरांना शिकवायची सुद्धा. आणि हा फोटो तिने स्वतः काढून, स्वतः जोडून, सगळ्यांना पाठवला होता.

“काय गं, जेवण गार होतंय,” ताई म्हणाली.

ठिपकीने लॅपटॉपचं झाकण लावलं. ताईने बघू नये म्हणून.

३

बुधवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात. मनात एकच, की आपलंच काहीतरी चुकतंय, फोटो धूसर असेल, काहीतरी असेल.

तिने ताईचीच युक्ती केली. त्याच फाईलची अगदी पहिली ओळ घेतली. ‘सादर करा’ दाबलं की ती ओळ चालायलाच हवी, नाहीतर नोंद जाणारच नाही. तिच्यावर ठिपका टाकला. फोनवर सादर केलं. नोंद गेली. ठिपका थांबला नाही.

मग तिने त्या ओळीखाली एक बारीकशी ओळ घातली, ‘इथून गेलो’ असं पडद्यावर लिहिणारी, आणि पुन्हा सादर केलं. पडद्यावर उमटलं: इथून गेलो. ठिपका ढिम्म.

म्हणजे बघा, समोरून माणूस जातोय, तोंडाने सांगतोय मी गेलो, आणि पहारेकरी म्हणतोय कुणी गेलंच नाही. असल्या पहारेकऱ्याच्या साक्षीवर तिने एका माणसाला खोटं पाडलं होतं.

दार वाजलं. शंकोबा आला. शंकोबा म्हणजे टेस्टर, ॲप बाहेर जाण्याआधी तपासणारा. प्रत्येक गोष्टीत शंका, म्हणून शंकोबा. ठिपकीने त्याला खुर्चीत बसवलं आणि फोटो पुढे केला.

“तू माझा रिपोर्ट वाचला होतास ना? यात काय दिसतं?”

शंकोबाने बघितलंच नाही. “पोकळ आहे,” तो म्हणाला.

“न बघता कसं कळलं?”

“बघितलं होतं की. तेव्हाच.”

“तेव्हाच? मग बोलला का नाहीस?”

शंकोबा चष्मा पुसायला लागला. “त्याच्या आधीच्या आठवड्यात मी तुझ्या कामात एक शंका काढली होती. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, शंकोबा, तू घरी दूधवाल्याची पण टेस्ट घेतोस का. सगळे हसले. बाईसुद्धा.”

“अरे, गंमत होती ती.”

“हो, माहितीये. मीही हसलो होतो.” त्याने चष्मा चढवला. “मग वाटलं, तुला माहीत असेल. तुला सगळं माहीत असतं.”

ठिपकीने फोटो बंद केला. पण एक सांगायचं राहिलं होतं त्याचं, ते तो खालच्या आवाजात बोलला.

“ठिपका पोकळ आहे म्हणजे मॅप बिघडलाय. आणि बंडल, मॅप, ते सगळं कुणाचं काम आहे ते तुला माहितीये.”

४

ते काम गाठोडेदादाचं.

इथे एक गोष्ट समजून घ्या, सोपी आहे. ॲप लिहितात ते शेकडो छोट्या फायलींमध्ये. पण फोनमध्ये घालताना त्या सगळ्यांचं एकच गच्च गाठोडं बांधतात, त्याला बंडल म्हणतात. त्यात सगळं चेपून एकाला एक चिकटलेलं, माणसाला वाचता येणार नाही असं. मग ठिपका कुठे बसवायचा हे कळणार कसं? त्यासाठी मॅप असतो, म्हणजे नकाशा: अमुक फाईलची तमुक ओळ गाठोड्यात इथे आहे. नकाशा चुकला की पहारेकरी पत्ता विचारत फिरतो आणि शेवटी पोकळ होऊन बसतो. गाठोडी बांधायचं काम ज्याच्याकडे, तो गाठोडेदादा. चाळिशीचा, शांत, डबा उघडताना सुद्धा आवाज न करणारा.

तो आला, तेव्हा बाईही आल्या होत्या. ठिपकीने थांबायला हवं होतं. पण रात्रभर मनात साचलेलं, त्याला वाट सापडली.

“दादा, तू ती नोंदी पाठवणारी सिंकची फाईल हलवलीस का?”

“हो, दोन महिन्यांपूर्वी. नव्या फोल्डरमध्ये नेली. सगळ्यांना सांगून.”

“आणि मॅप कुणी बघायचा? तुझ्या त्या फाईल हलवण्याने माझा ठिपका पोकळ पडला. माझा रिपोर्ट खोटा ठरतोय. एका माणसाची नोकरी जातेय, दादा. तुझ्या गाठोड्यामुळे.”

गाठोडेदादाचे कान लाल झाले. तो आवाज चढवणारा माणूसच नव्हता.

“अगं पण,” तो म्हणाला, “मी फाईल कुठेही हलवली तरी काय फरक पडतो? प्रत्येक वेळी बंडल बांधलं की मॅप नवा बनतो. नव्या मॅपमध्ये नवाच पत्ता येणार.”

“मग आला का नाही?”

“तेच मी विचारतोय.”

शंकोबा मागून हळूच म्हणाला, “मॅपची तारीख बघा ना.”

चौघं एका पडद्यावर वाकले. बंडल होतं आज सकाळचं. आणि त्याच्याबरोबर जाणारा मॅप होता तीन महिन्यांपूर्वीचा. फाईल हलवली त्याच्याही आधीचा. आता लक्षात आलं, की ॲप उघडतानाच्या ओळींवरचे ठिपके नेहमी का थांबायचे. त्या फायली जुन्या जागीच होत्या. ते थांबायचे, म्हणून ठिपकीला वाटायचं सगळेच जागे आहेत.

“कुणीतरी नवा मॅप बनवणं बंद करून ठेवलंय,” गाठोडेदादा म्हणाला. “ही बघा सेटिंग. ‘जुनाच वापर’. मी नाही केलेलं हे.”

“मग कोणी?” बाईंनी विचारलं.

हे शोधणं काही अवघड नसतं. प्रोग्रामची प्रत्येक ओळ कोणी, कधी, का बदलली याची यादी असते. गाठोडेदादाने त्या ओळीवर बोट ठेवलं. यादी उघडली.

तारीख तीन महिन्यांपूर्वीची, दुपार. कारणाच्या जागी एकच शब्द: ‘किरकोळ’. आणि नावाच्या जागी ठिपकीचं नाव.

५

तिला आठवलं. अगदी लख्ख आठवलं. त्या दिवशी मैत्रिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं, मॅप बनायला दरवेळी चार मिनिटं लागत होती, आणि तिने म्हटलं, आजच्यापुरतं बंद करू. उद्या चालू करू. तो उद्या आलाच नाही.

बाई पडद्यापासून मागे सरकल्या. शंकोबाही. गाठोडेदादा आपल्या खुर्चीत जाऊन बसला आणि उगाच की-बोर्ड झाडायला लागला. ठिपकीला त्याच्याजवळ जाऊन माफी मागायची होती. तीन हातांवर तर होता तो. पण पाय उचलेना. तिने बसल्या जागेवरून त्याला मेसेज पाठवला, ‘सॉरी दादा’. त्याने बसल्या जागेवरून अंगठा पाठवला. असं झालं ते.

मग तिने सेटिंग चालू केली, नवा मॅप बनवला, चार मिनिटं मुकाट बसून राहिली. ठिपका टाकला. लाल, टच्च भरलेला. फोन घेतला आणि तपासणी भरायला सुरुवात केली. ब्रेक लाल दाबलं की ॲप फोटो मागायचं, मग समोरच्या चहाच्या मगाचा फोटो काढायचा, सादर करायचं. एकदा. दहादा. पन्नासदा.

ठिपका थांबला नाही.

पहिल्या ओळीवरचा थांबत होता, दुसऱ्या ओळीवरचा थांबत होता. पहारेकरी आता जागेवर होता. पण त्या संशयाच्या ओळीपाशी कुणी येतच नव्हतं.

“म्हणजे तुझा रिपोर्ट बरोबरच निघाला की,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला. “ठिपका बिघडलेला होता, ठीक आहे, पण उत्तर तेच. मग उद्या ते मॅपबिप काढायची गरजच नाही.”

आणि ठिपकीला हायसं वाटलं. लपवण्यात काय अर्थ आहे, वाटलं हायसं. मिस्त्री खोटाच असावा असं तिला मनापासून वाटलं, अर्धा मिनिट, एक मिनिट. मग स्वतःचीच अशी काही शिसारी आली की ती उठून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली.

तोंड धुताना सुचलं ते इतकं साधं होतं. पन्नास अधिक पन्नास, शंभर वेळा तपासणी भरली. मिस्त्री ती कशी भरतो, हे एकदाही कुणी त्याला विचारलं नव्हतं.

६

बाजूला केलेल्या माणसाला कंपनीत रोज दहाला जाऊन सही करावी लागायची आणि बारापर्यंत बसावं लागायचं. काम द्यायचं नाही, घरी जाऊ द्यायचं नाही. गुरुवारी ठिपकी तिथे पोचली तेव्हा मिस्त्री गोदामाबाहेरच्या बाकावर बसला होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांवर दोन्ही हात. ती शेजारी बसली.

“काका, मी ॲपवाल्यांकडून आलेय. एक विचारायचं होतं.”

“विचार की. मला कुठे जायचंय.”

“त्या दिवशी ब्रेकपाशी तुम्ही नेमकं काय काय केलंत? अगदी बारीकसारीक सांगा.”

मिस्त्रीने तिच्याकडे निरखून बघितलं. “तीन आठवड्यांत हे विचारणारी तू पहिली,” तो म्हणाला. “सगळे विचारतात, लाल दाबलं का. मी म्हणतो हो. मग म्हणतात, पण रिपोर्टमध्ये तर असं आहे. तो रिपोर्ट पाठ झालाय मला. ‘ही ओळ चालतच नाही.’ ज्याने लिहिलं तो मोठा हुशार असणार. एका वाक्यात माणूस गार.”

हीच वेळ होती. तो मी, एवढेच दोन शब्द. ठिपकीने तोंड उघडलं आणि म्हणाली, “मग ब्रेकपाशी काय केलंत?”

“वर मशीनच्या खोलीत दिवा गेलेला. फोनचा टॉर्च लावला. ब्रेक बघितला, झिजलेला. लाल दाबलं. ॲप म्हणालं फोटो काढ. फोटोचं दाबलं तर कॅमेरा उघडला आणि टॉर्च विझला. मिट्ट काळोख, आणि ॲपच्या कॅमेऱ्याला फ्लॅशही नाही. फोटो कसला काढू, कपाळ? मागे आलो. टॉर्च परत लावला. ब्रेकपुढे लाल दिसत होतं, स्वच्छ. म्हटलं झालं. बाकीचं भरलं, सादर केलं.”

“फोटो न काढताच?”

“अंधाराचा काढायचा होता का?”

शंभर वेळा तिने मगाचा फोटो काढला होता, उजेडात, खुर्चीत बसून. एकदाही मागे आली नव्हती.

ती उठायला लागली, तर मिस्त्री स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, “नोकरीचं सोड. घरी मी म्हटलं ना, गॅस बंद केलाय, तर बायको उठून बघून येते. आधी नाही जायची.”

ठिपकी म्हणाली, “येते काका.” आणि पळाली. अक्षरशः पळाली.

७

बारा वाजता ऑफिसातल्या मोठ्या टेबलाखाली ती फोन घेऊन बसली. शंकोबाने वरून चादर टाकली, कडा नीट खोचल्या, आणि बाहेरून म्हणाला, “उजेड येतोय का कुठून?” गाठोडेदादा पडद्यासमोर बसला होता.

टॉर्च लावला. ब्रेक, लाल. फोटो. कॅमेरा उघडला, टॉर्च विझला, काळोख. मागे. टॉर्च. ब्रेकपुढे लाल दिसत होतं, अगदी मिस्त्री म्हणाला तसं.

सादर करा.

फोन थिजला. चादरीबाहेरून गाठोडेदादाचा आवाज आला. “थांबलाय गं.”

ती बाहेर आली. त्या ओळीवर पिवळी पट्टी आली होती, ॲप तिथेच अडल्याची खूण. लाल दाबलं तरी फोटो मिळेपर्यंत ॲप उत्तर पक्कं करतच नव्हतं. पडद्यावर लाल, आत रिकामं. आणि रिकामं दिसलं की ही ओळ मागच्या तपासणीचं उत्तर उचलत होती. उचललेलं उत्तर तिथेच लिहिलेलं होतं: हिरवं.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. शंकोबा चादरीची घडी घालत राहिला.

बाईंनी ठिपकीला आतल्या खोलीत बोलावलं. त्या काही वाईट बाई नव्हत्या हं, चार घरं चालतात त्या ऑफिसावर हे त्यांना झोपेतही आठवत असणार. “आपण असं सांगू,” त्या म्हणाल्या, “की अधिक तपासात तांत्रिक दोष सापडला, दुरुस्त केला. मिस्त्री सुटेल. तुझं नाव कुठे येणार नाही, मॅपचं तर नाहीच. सगळ्यांचं भलं.”

“आणि पहिला रिपोर्ट?”

“तो त्या वेळच्या माहितीवर होता. खोटं आहे का हे?”

खोटं नव्हतं. तेच तर अवघड होतं.

तीन वाजता कंपनीच्या साहेबांच्या खोलीत पाच खुर्च्या. मिस्त्री टोकाला. ठिपकीला बघून त्याने मान हलवली, ओळखीची, जरा हसला सुद्धा. त्या हसण्याने तिचं उरलंसुरलं अवसान गेलं.

“बोला,” साहेब म्हणाले.

बाईंनी तिच्या कोपराला हलकेच हात लावला. ठिपकी उभी राहिली. तिने टॉर्चचं सांगितलं, फोटोचं सांगितलं, लाल दिसून हिरवं कसं जातं ते सांगितलं. साहेब टिपून घेत होते. इथे थांबता आलं असतं.

“आणि तो पहिला रिपोर्ट माझा होता,” ती म्हणाली. “ती ओळ चालत नाही हे मी बघितलेलं नव्हतं. माझा ठिपका पोकळ होता, म्हणजे तो काही बघूच शकत नव्हता. तो पोकळ झाला कारण तीन महिन्यांपूर्वी मी घाईत एक सेटिंग बंद केली आणि विसरले. मला काही दिसलं नाही, आणि मी लिहिलं की काही घडलं नाही. काका पहिल्या दिवसापासून खरं सांगत होते.”

साहेबांचं पेन थांबलं. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते कळलंच नाही.

“सकाळी तू बाकावर माझ्याशेजारी बसली होतीस,” तो म्हणाला. “मी त्या रिपोर्टचं बोललो तेव्हा तुला माहीत होतं, तो तुझा आहे?”

“हो.”

“आणि तुझं ते पोकळ का काय ते?”

“तेही माहीत होतं.”

त्याने मान डोलावली. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो रागावला नाही. हिशोब जुळावा तशी नुसती मान डोलावली.

साहेब खाकरले. “उद्यापासून कामावर या मिस्त्री. पत्र मिळेल तुम्हाला.”

“येतो साहेब.” मिस्त्री उठला. “पण पत्र माझ्या घरी कुणी वाचणार नाही. या पोरीला अर्धा तास माझ्याबरोबर पाठवा.”

८

मिस्त्री पुढे निघाला. दोन रस्ते, एक बोळ, मग जिना. ठिपकी मागून चालत होती, आणि काय बोलायचं ते मनात जुळवत होती. बंडल, मॅप, ब्रेकपॉइंट. यातला एकही शब्द तिथे चालणार नव्हता, आणि ते शब्द काढून टाकले की उरत होतं ते फारच थोडं आणि फारच उघडं.

दार बायकोने उघडलं. गळ्यात मोजपट्टी, हातात कात्री, मागे शिलाईच्या मशीनवर अर्धवट शिवलेली उशीची खोळ.

“कोण गं तू?”

“ॲपवाल्यांची आहे,” मिस्त्री म्हणाला. “तुला काहीतरी सांगायचंय तिला.” आणि तो दारालगतच्या स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

“बस ना,” काकू म्हणाल्या.

“नको काकू. उभीच बरी.” ठिपकी उंबऱ्याच्या आतच थांबली. “काकांनी लाल दाबलं होतं. ते खोटं बोलतायत असं मी लिहिलं होतं. मी तपासलं असं म्हटलं, पण नीट तपासलं नव्हतं. त्यांना विचारलंही नव्हतं. चूक माझी होती, सगळी.”

काकूंनी कात्री मशीनवर ठेवली. मग नवऱ्याकडे वळल्या.

“अहो, मग हे मला तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

मिस्त्रीने एक बूट काढून भिंतीला लावला.

“पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” तो म्हणाला.

काकू गळ्यातली मोजपट्टी काढून बोटाभोवती गुंडाळत राहिल्या, घट्ट. ठिपकी फरशीकडे बघत होती. मिस्त्री दुसऱ्या बुटाची गाठ सोडवत होता, सावकाश, आणि त्या खोलीत त्याच्याकडे बघू शकेल असं कुणी नव्हतं.